सुलट्या आट्यांचे तीन स्टड

रविवारी सकाळी सात वाजता जैनुद्दीनने डॉज गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम हबसकट काढला आणि प्रेसखाली ठेवला. काम तसे साधे होते. चाक हबला धरून ठेवणारे बोटाएवढे जाड पाच पोलादी खुंट, म्हणजे स्टड. जुने पाच दाबून बाहेर काढायचे आणि नवे पाच दाबून बसवायचे. एकोणसाठ वर्षांपैकी एकतीस वर्षे बहरैनमध्ये आणि त्यांतली एकोणीस सलमाबादच्या ह्याच गॅरेजात काढलेल्या माणसाला एवढ्या कामासाठी विचार करावा लागत नाही. मुख्तारने ते त्याच्याकडे दिले, त्याचे कारणही बहुधा तेच होते.

मुख्तार गॅरेजचा मॅनेजर. मूळचा रत्नागिरीचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आवाजात कायम समजूत काढण्याचा सूर. शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला होता, "उद्या दहाला इन्शुरन्सचा सर्वेयर येतोय. त्याच्याआधी गाडी चार चाकांवर उभी पाहिजे. जुने स्टड भंगारात टाक. आणि जैनुभाय, त्याच्यासमोर शाळा घ्यायची नाही. विचारील तेवढंच सांगायचं."

जैनुद्दीनने मान डोलावली होती. बुधवारपासून तो बहुतेक गोष्टींना मान डोलावत होता. त्याला दुःख झाले होते असे लिहिणे ही त्याची खुशामत ठरेल. त्याला काहीच होत नव्हते. जेवण गिळले जात होते, झोप वेळेवर लागत होती, आणि पहाटे नळाखाली हात धरला की पाणी थंड आहे की कोमट, हे त्याला काही क्षण सांगता येत नव्हते.

बुधवारी दुपारी हेच चाक सलमाबादबाहेरच्या रस्त्यावर निखळले. गाडी चालवत होता मुनाफ. वय चाळीस, म्हसळ्याकडचा, जैनुद्दीनच्या चुलतबहिणीचा मुलगा, अकरा वर्षांपूर्वी मामूच्या शब्दावर इथे आलेला आणि मामूच्याच हाताखाली शिकलेला. चाक गाडीला मागे टाकून पुढे पळाले. गाडी ड्रमवर घासत दुभाजकावर चढली आणि मुनाफचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. दुसऱ्या कुणाला ओरखडाही उठला नाही. कागद त्याच संध्याकाळी तयार झाला: चाकाचे नट नीट आवळलेले नव्हते, गाडी मुनाफच्या ताब्यात होती. ह्या दोन वाक्यांतले प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासले तर त्यात खोटे काही सापडत नाही. माणसाला बुडवायला खोटे लागत नाही, वाक्ये योग्य क्रमाने लावली की पुरते. गुरुवारी सकाळपर्यंत ती म्हसळ्याला पोचली, आणि तिथे त्यांचे एकच वाक्य झाले: मुनाफ नट आवळायला विसरला.

प्रत्यक्षात काय घडले, ते जगात दोनच माणसांना ठाऊक होते. त्यांतला एक मुख्तार. दुसरा ह्या क्षणी प्रेसचा दांडा खाली ओढत होता.

डॉज एकोणीसशे सहासष्टची. गॅरेजचा मालक फहाद याच्या वडिलांनी ती घेतली होती, आणि हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती मिरवायची, हा त्या घरचा रिवाज. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे होते. जगातला कुठलाही शहाणा नट ज्या दिशेने सुटतो, त्या दिशेने हे नट आवळायचे. चाक पुढे धावताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून त्या काळच्या कुणा सावध इंजिनिअरने तशी योजना केली होती. ही सावधगिरी ज्याला कुणी सांगितली नाही, त्याच्या हातात ती सापळा होऊन बसते. सोमवारी टायरच्या दुकानात तसेच झाले. पांढऱ्या पट्ट्याचे नवे टायर चढवणाऱ्याने नट सोडायची हवेची बंदूक डाव्या चाकाला नेहमीच्या दिशेने लावली. सुटण्याऐवजी नट अधिकच आवळले गेले आणि तीन स्टड मुळातून तुटले.

उलट्या आट्यांचे स्टड अमेरिकेहून मागवावे लागतात. पार्सल शनिवारी येणार होते, मेळावा शुक्रवारी होता. "तीन साधे घाल," मुख्तार म्हणाला, "शुक्रवार निघाला की बदलू." मंगळवारी जैनुद्दीनने सुलट्या आट्यांचे तीन साधे स्टड त्या चाकात बसवले. वरून फहादने मागवलेले चकचकीत टोपीचे नट लावले. टोपीखाली स्टडचे टोक झाकले जाते. पाचही नट बाहेरून सख्खे भाऊ दिसू लागले, दोन डावीकडे आवळायचे, तीन उजवीकडे.

ह्यात गुन्हा काही नव्हता. असल्या तात्पुरत्या कामांसाठी गॅरेजात एक पद्धत होती आणि ती जैनुद्दीननेच घातलेली होती. काम अर्धवट किंवा कामचलाऊ असेल तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की ज्याने बांधली त्याला विचारल्याशिवाय त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. मालकाने सांगितले तरी नाही. एकोणीस वर्षांत ही पद्धत कधी चुकली नव्हती. मंगळवारी संध्याकाळी त्याने डॉजच्या स्टिअरिंगला चिंधी बांधली.

बुधवारी सकाळी फहाद गाडीचे फोटो काढायला आला. हस्तिदंती रंगाच्या त्या स्टिअरिंगवर तेलकट लाल फडके बघून तो हसला आणि बोटानेच 'हे काढ' म्हणाला. जैनुद्दीनने चिंधी सोडली आणि खिशात ठेवली. फोटो निघाले. फहादने त्याच्या पाठीवर थाप मारली, 'यल्ला', चला, म्हणून तो निघून गेला. तेवढ्यात दुपारची, जोहरची अजान झाली आणि जैनुद्दीन नमाजला गेला. चिंधी खिशातच राहिली. मागे मुख्तारने मुनाफला सांगितले, ब्रेक एका बाजूला ओढतो का बघ, एक चक्कर मारून ये. मुनाफने आधी स्टिअरिंगकडे पाहिले असणार. त्याला तसेच शिकवले होते.

आणि अजून एक शिकवले होते.

ते जैनुद्दीनला गुरुवारी इस्पितळात कळले. मुनाफ खाटेवर पाय उंच टांगून पडला होता. उशाशी फहादने पाठवलेली फळांची टोपली होती, तिच्यावर पाठवणाऱ्याचे नाव सोनेरी अक्षरांत.

"या मामू," मुनाफ म्हणाला. "बघा, आता मलाच जॅकवर चढवलंय."

जैनुद्दीन स्टुलावर बसला.

"मामू, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी निघायच्या आधी चारी चाकांना पाना लावला होता. खुदाची कसम. पुढच्या डाव्याला तीन नट सैल लागले. डावीकडे ओढले तर टक् करून पाव आटा फिरले. दोन मात्र घट्ट होते, जेमतेम हलले. मी म्हटलं, बरं झालं बघितलं."

"डावीकडे ओढलेस?"

"मग? डावीकडचं चाक डावीकडे. तुम्हीच डोक्यात खिळा ठोकल्यासारखं ठोकलंय ना ते. पहिल्या वर्षी चुकलो तर पान्याने पाठीत घातली होती, आठवतं?"

जैनुद्दीनला आठवत होते. घट्ट बसलेला नट सुटताना पहिल्या पाव आट्याला टक् वाजतो, आणि सैल नट घट्ट बसतानाही हाताला जवळपास तसेच लागते. मुनाफने आपल्या हाताने, शिकवल्याबरहुकूम, तीन नट सोडले होते आणि दोन जरुरीपेक्षा जास्त आवळले होते. तीन वाटेत फिरत फिरत गळून पडले, उरलेल्या दोन स्टडवर सगळे ओझे आले आणि ते तुटले. मुनाफच्या जागी एखादा कामचुकार असता तर त्याने पानाच लावला नसता, आणि चाक जागच्या जागी राहिले असते.

हे सगळे जैनुद्दीनला एका क्षणात, एखादा आलेख उलगडावा तसे, स्वच्छ दिसले. तो म्हणाला, "दूध पिणार का?"

"तुमचं तोंड का उतरलंय? माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं, माहीत आहे मला. मुख्तारशेठ सांगून गेले. व्हिसा कॅन्सल करतायत. म्हणाले, पाय गावालाच नीट जुळेल."

"कधी बोलला?"

"सकाळी. मामू, त्यांच्याशी भांडू नका. अस्मीला फक्त एवढं सांगायला पाहिजे होतं की मी विसरलो नव्हतो. पण काय सांगणार? चाक तर निघालंच ना."

अस्मा म्हणजे मुनाफची बायको. तिच्या माहेरी तीन भाऊ रिक्षा आणि टेम्पो चालवणारे. नट आवळायला विसरणारा जावई त्या घरात कसा बसणार, हे जैनुद्दीनला चांगले कळत होते. त्याने दूध आणले, पेला मुनाफच्या हातात दिला आणि बसने खोलीवर गेला.

प्रेस करकरला. मंगळवारचे तीन साधे स्टड लोण्यातून सुरी निघावी तसे बाहेर आले. त्यांच्या आट्यांना रिमने घासून घासून चरे पाडले होते. तुटलेले दोन मूळचे होते, साठ वर्षांचे. त्यांची मान कारखान्यातच ड्रमवर ठेचून पक्की केलेली होती. ती तशीच दाबली तर भोक मोठे होते, नवा स्टड मग कधीच घट्ट बसत नाही. जैनुद्दीनने कटर लावून ती कड आधी कापून काढली, हळू, मध्ये मध्ये तेलाचा थेंब देत, आणि मग दोन्ही खुंट काढले. पार्सलमधून नवे पाच घेतले. प्रत्येकाच्या टोकावर उलट्या आट्याची खूण कोरलेली होती. एकेक सरळ धरला, दाबला, पाठीमागून बसल्याची खात्री केली. हात नेहमीसारखे चालत होते. आपल्याला लाज वाटायला हवी ह्याची हातांना खबर नव्हती.

जुने पाच भंगाराच्या पिंपाकडे नेले, तेव्हा दोन तुकडे त्याने आत टाकले. सुलटे तीन टाकायला हात पुढे गेला नाही. मागेही आला नाही. थोड्या वेळाने त्याने ते आपल्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवले. का, हे त्याला कुणी विचारले असते तर त्याने मान डोलावली असती.

साडेनऊला मुख्तार आला. चाक बसलेले होते. त्याने बुटाच्या टोकाने टायरला हलकेच स्पर्श केला.

"झालं? खलास. हे बघ जैनुभाय, मला काय आनंद होतोय का? मुनाफ माझ्याही पोरासारखा. पण तो तसाही घरी जाणार, त्या पायाने इथे काय करणार? तुझं नाव काढलं तर तूही जाशील, मीही जाईन, गॅरेजचं लायसन्स जाईल. एका अपघातात एवढी माणसं कशाला घालवायची?"

मुख्तार दुष्ट नव्हता. दुष्टपणाला जी सवड लागते ती त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे फक्त हिशोबी दया होती, आणि ती वाटताना तो नेहमी सगळ्यांत आधी मोडलेल्या माणसाला वगळत असे.

सर्वेयर बरोबर दहाला आला. केल्विन, पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. जैनुद्दीन मुख्तारशी दोन शब्द बोलला ते त्याने ऐकले आणि त्याचा चेहरा उजळला.

"मराठी? कुठले तुम्ही काका?"

"म्हसळा."

"मी वसईचा, पापडी गावचा. इथे दिवसभर सगळ्यांशी हिंदी बोलून बोलून जीभ वाकडी झालीय." तो डॉजच्या डाव्या चाकाजवळ उकिडवा बसला. "हे नवीन दिसतंय. मी यायच्या आधी कशाला बदललं?"

"गाडी तीन चाकांवर किती दिवस उभी ठेवायची, साहेब?" मुख्तार म्हणाला. "मालकाच्या वडिलांची आहे. त्यांना बघवेना."

"आणि जुने स्टड?"

"भंगारवाला आला होता. गेला घेऊन."

पेटी केल्विनपासून चार पावलांवर होती. जैनुद्दीन तिच्याकडे बघत नव्हता. तो केल्विनच्या बुटांकडे बघत होता. त्यांच्यावर सलमाबादची पांढरी धूळ बसली होती.

"आता काय बघू मी? नवीन स्टड छान आहेत, असं लिहू?" केल्विन हसला, उठला, गुडघे झटकले. मग टॅब्लेटवर बोट ठेवून त्याने जैनुद्दीनला, मराठीत, जवळजवळ मायेने विचारले, "काका, तुम्ही सांगा. ह्या चाकाला शेवटचा हात कुणाचा लागला होता?"

गॅरेजात कंप्रेसर बंद पडला. बाहेर कुणीतरी पत्रा ओढत नेत होते.

प्रश्न नीट होता. त्याला सरळ, खरे, एका शब्दाचे उत्तर होते. ते दिले असता कुठल्याही न्यायालयात जैनुद्दीनला खोटा साक्षीदार म्हणता आले नसते. त्याचा डावा हात खिशात होता आणि त्या हातात चिंधी होती. तो बुधवारपासून तीच विजार घालत होता.

"मुनाफचा," जैनुद्दीन म्हणाला.

केल्विनने ते लिहून घेतले. मुख्तारने चहा मागवला.

मुनाफ पंधरा दिवसांनी निघाला. मुहर्रकच्या विमानतळावर त्याला सोडायला जैनुद्दीन एकटाच गेला. गॅरेजची गाडी होती, मुख्तारने ती न मागता दिली. आत चाकाची खुर्ची मिळाली. मुनाफ तीत बसला, प्लास्टरमधला पाय फळीवर आडवा, मांडीवर बॅग. जैनुद्दीन खुर्ची ढकलू लागला.

"मामू, सावकाश," मुनाफ मान मागे टाकून म्हणाला. "चाकांचे नट बघितलेत ना?"

तो स्वतःच हसला. मोठ्याने, अगदी मनापासून. ज्या चुकीबद्दल सगळे आपल्याला हसणार आहेत, तिच्यावर आपणच आधी हसून घ्यावे, एवढा शहाणपणा त्याने पंधरा दिवसांत कमावला होता. गावी उतरल्यावर तो हाच विनोद मेव्हण्यांना करून दाखवणार होता. मरेपर्यंत करणार होता.

जैनुद्दीनची पावले थांबली. त्याने खुर्ची वळवून एका खांबाजवळ नेली, ब्रेक लावला, आणि खिशातून एक स्टड काढून मुनाफच्या तळहातावर ठेवला.

"हे काय? हे घेऊन मला आत सोडतील का?"

"बघ."

मुनाफने तो उचलला. डोळ्यांनी बघितलेच नाही. अंगठ्याचे नख आट्यांत घातले आणि खुंट बोटांत फिरवला, सवयीने, दुसरीकडे बघत. नख खाली सरकले. त्याने पुन्हा फिरवला. मग खाली पाहिले.

"हा सुलटा आहे."

"हो."

"कुठल्या चाकाचा?"

जैनुद्दीनने उरलेले दोन काढले आणि पहिल्याच्या शेजारी ठेवले. मग चिंधी काढली. ती कुठे ठेवावी ते न कळून त्याने ती मुनाफच्या बॅगेच्या पट्ट्यावर ठेवली.

एक कुटुंब सामानाची ट्रॉली घेऊन त्यांच्या मधून जायला बघत होते. त्यांना वाट द्यायला मुनाफने पायाची फळी हाताने वळवली.

"म्हणजे तीन सैल नव्हतेच," तो म्हणाला. "मीच सोडले. डावीकडे ओढून."

"हो."

"म्हणजे हात बरोबर फिरला होता माझा."

"हो."

"चिंधी?"

"फोटोसाठी काढली. परत बांधायची राहिली."

"मुख्तारशेठला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्हाला इस्पितळात कळलं. मी सांगितलं तेव्हा." मुनाफने मान वर केली. "तुम्ही दूध विचारलंत मला."

जैनुद्दीन उभा होता. शिवी येईल, खुर्चीवरून हात येईल, ह्याची तो वाट बघत होता. आली असती तर तिच्याआड त्याला थोडे लपता आले असते.

"त्या इन्शुरन्सवाल्याला सांगतो आता," तो म्हणाला. "वसईचा आहे. नंबर काढतो."

"कागदाचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या सासरी कागद कुणी वाचत नाही." मुनाफने फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन जैनुद्दीनच्या हातात दिला. "अस्मीला सांगा. तुमच्या तोंडाने."

रिंग वाजली. खुर्ची आत न्यायला आलेला विमानतळाचा माणूस दोन हात अंतरावर उभा राहून घड्याळ बघत होता.

"हॅलो? निघालात का?"

"अस्मा, मी जैनुमामू."

"सलाम मामू. ते कुठे आहेत? बरे आहेत ना?"

"इथेच आहे. अस्मा, डॉजच्या डाव्या चाकात तीन स्टड सुलट्या आट्यांचे होते. ते मी घातले होते. चिंधी..."

"मामू, मला गाडीतलं काही कळत नाही हो. म्हणजे काय झालं?"

एकतीस वर्षे जैनुद्दीन धंद्याच्या शब्दांत बोलत आला होता. ते शब्द नेमके होते, स्वच्छ होते आणि त्यांत माणसे नव्हती. त्याने तोंड उघडले, आणि त्याला आढळले की ह्या वाक्याला लागणारे शब्द अगदी थोडे आहेत, कुठल्याही पोराला येतात असे.

"म्हणजे मुनाफ विसरला नव्हता," तो म्हणाला. "त्याने नट आवळले होते. मी शिकवले तसे आवळले होते. चाक माझ्यामुळे निघालं. मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला. मागे पुरुषांचे बोलणे चालले होते ते थांबले.

"यल्ला," विमानतळाचा माणूस म्हणाला आणि खुर्चीच्या दांड्याकडे हात नेला. मुनाफने ब्रेकवर हात दाबून धरला.

"मामू," अस्माचा आवाज आला, एकदम कोरडा. "थांबा. माझे भाऊ बसलेत इथे, तिघेही. मी फोन मध्ये ठेवते. आता परत सांगा. मोठ्याने."

जैनुद्दीनने फोन तोंडाजवळ नेला. तापलेल्या काचेची कड बोटांना लागली, आणि ती तापलेली आहे हे त्याला कळले. रांगेतली दोन-चार माणसे वळून बघत होती.

त्याने परत सांगितले.